बारा वर्षं इंग्रजी, तरी गाडी 'आयम फाइन थँक्यू'वरच

मागच्या अंकात मी थायलंडच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हाचं थोडंसं लिहिलं होतं, त्यात एक वाक्य होतं की तिथल्या बारावीच्या पोराला स्वतःबद्दल चार वाक्यं सलग इंग्रजीत बोलता येत नाहीत. त्यावर भरपूर मेल आले, काहींनी तर सरळ लिहिलं की ताई तुम्ही फेकताय. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, जे प्रश्न फिरून फिरून आलेत तेवढे घेते.

प्रश्न : ताई, आम्ही नुकतेच फुकेत-क्राबी करून आलो. हॉटेलवाले, बोटवाले, मसाजवाल्या बायका, सगळ्यांशी इंग्रजीत मस्त बोलणं झालं. मग इंग्रजी कोणाला किती येतं त्या जागतिक यादीत थायलंड तळाला कसा? (एक वाचक, ठाणे)

काका, तुम्ही ज्यांच्याशी बोललात त्यांचं पोट इंग्रजीवर आहे, आणि खरं सांगू का, त्यांनी ते शाळेत नाही, कामावर उचललंय. 'हाऊ मेनी नाइट', 'सेम सेम', 'नो हॅव', 'डिस्काउंट फॉर यू' एवढ्यावर दिवस निघतो. शिवाय मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला कित्येकदा फिलिपिनो माणूस असतो आणि रेस्टॉरंटात वाढणारा बर्मी, आपल्याला सगळे सारखेच दिसतात ते सोडा. 2023 च्या नोव्हेंबरपासून आपल्याला व्हिसाची कटकट राहिली नाही, 2024 मध्ये 20 लाखांवर भारतीय तिकडे जाऊन आले, पण त्यातले बहुतेक बँकॉक, पट्टाया, फुकेत सोडून कुठे जातात? कधी ईसानात म्हणजे ईशान्येकडे खोन केन, उदोन थानी, रोई एत अशा बाजूला बस स्टँडवर उतरा आणि रस्ता विचारून बघा, माणूस हसेल, लाजेल, हात धरून पोचवून पण येईल, पण इंग्रजीत एक शब्द नाही.

आता यादीचं. ईएफ नावाच्या कंपनीची यादी दरवर्षी येते, त्यात 2017 साली थायलंड 80 देशांत 53 वा होता, 2019 ला 100 देशांत 74 वा आणि 2024 ला 116 देशांत 106 वा. आसियान म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटातलेच शेजारी बघा, त्याच वर्षी फिलिपिन्स 22, मलेशिया 26, व्हिएतनाम 63. पण ही यादी जरा जपूनच वाचायची, कारण ती ज्या टेस्टवरून काढतात ती ऑनलाइन आहे, ज्याला वाटेल तो देतो, देणारी माणसं मोठी असतात, शाळकरी पोरं नाहीत आणि दरवर्षी नवे देश आत आले की नंबर आपोआप पण खाली सरकतो. म्हणून मी नंबरापेक्षा त्यांची स्वतःचीच परीक्षा धरते. ओ-नेट म्हणून राष्ट्रीय परीक्षा असते, त्यात बारावीचं इंग्रजीचं सरासरी गुणांकन 100 पैकी 30 च्या आसपासच घोटाळत राहिलं, 2021 ला तर ते 25 च्या आसपास आलं. प्रश्न सगळे पर्यायांचे. डोळे मिटून गोल काळे केले तरी 20-25 मिळतात की हो! आणि त्या वर्षापासून परीक्षाच ऐच्छिक करून टाकली, म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर कपाटात ठेवला.

प्रश्न : पहिलीपासून इंग्रजी सक्तीचं आहे म्हणता, परदेशी शिक्षक पण ठेवतात, पैसा पण ओततात. मग अडतं कुठे? (शिक्षिका, सातारा)

मॅडम तुम्ही स्वतः वर्गावर जाता म्हणून तुम्हाला वर्गातलंच सांगते.

सकाळी आठला झेंडा, राष्ट्रगीत, प्रार्थना, मग मुख्याध्यापकांचं भाषण, ते लांबलं की पहिला तास गेलाच. दुसऱ्या तासाला मी आत पाऊल टाकलं की मॉनिटर ओरडणार 'स्टँड अप प्लीज', मग पंचेचाळीस पोरं एका सुरात, हेल काढून, 'गुऽऽड मॉऽर्निंग टीऽऽचर'. मी 'हाऊ आर यू', ती 'आयम फाइन थँक्यू, अँड यू?' मी 'सिट डाऊन', ती 'थँक्यू टीऽचर'. हे तिकडे देशभर असंच चालतं, पहिलीत पण आणि बारावीत पण. एकदा मी मुद्दामच विचारलं, 'आर यू हंग्री?' तर अर्ध्या वर्गाने जोरात 'आयम फाइन थँक्यू, अँड यू?' आणि राहिलेला अर्धा वर्ग एकमेकांकडे बघून हसायला लागला. पोरं ढ नाहीत हो, अजिबात नाहीत, त्यांना कोणी कधी हा प्रश्न खरा म्हणून विचारलेलाच नसतो.

आणि एकट्याला उभं करून विचारलं तर संपलंच. लाज, म्हणजे चार जणांत चुकलो तर तोंड कसं दाखवू ही भीती तिथे फार खोल आहे, पोरगी मान खाली घालून मैत्रिणीच्या पाठीमागे जाते, मैत्रीण हळूच उत्तर पुरवते. त्यात जीभ पण साथ देत नाही. थायमध्ये शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही, 'न' होतो, 'स' चा 'त' होतो, जोडाक्षर सुटतं, म्हणून फुटबॉलचं फुतबॉन, ॲपलचं ॲप्पन, आणि 'राइस', 'राइट' ऐकायला जवळजवळ एकच. क्रियापदाला काळ लागत नाही, नामाला अनेकवचन नाही, मग 'यस्टर्डे आय गो मार्केट' हे त्यांच्या हिशोबाने अगदी शुद्ध वाक्य आहे. हे सगळं सुटू शकतं, पण त्यासाठी पोराने तोंड उघडायला लागतं, आणि आठवड्याच्या तासांत पंचेचाळीस जणांना किती वेळा तोंड उघडायला मिळणार, तुम्हीच गणित करा. वहीत काय असतं तर इंग्रजी शब्द, खाली थाय लिपीत उच्चार, त्याच्या खाली अर्थ. आपली पोरं देवनागरीत लिहितात तेच.

तास पण सगळे होत नाहीत. एक दिवस स्काउटचा ड्रेस, मग गुरुपूजनाचा दिवस, क्रीडा सप्ताह, लोय क्राथोंग सणाची तयारी, वरून तपासणीला साहेब येणार म्हणून शाळा रंगवा. थाय शिक्षक बिचारे कागदं भरण्यात बुडालेले. लहान शाळांची तर वेगळीच गोष्ट, 120 पेक्षा कमी पटाच्या शाळा तिथे जवळजवळ निम्म्या आहेत, तिथे सगळ्या वर्गांना मिळून दोन-तीन शिक्षक, गणितवालाच इंग्रजी घेतो, नाहीतर टीव्ही लावतो, हुआ हिनच्या शाळेतून सॅटेलाइटवर तास येतात ते पोरं बघत बसतात. सरकारने 2014 ला भाषा किती येते ते मोजायच्या युरोपियन पातळ्या स्वीकारल्या, खालून वर सहावीला ए-वन, नववीला ए-टू, बारावीला बी-वन असं ठरवलं, आणि नंतर शिक्षकांचीच चाचणी घेतली तर बरेचसे शिक्षकच ए-टूच्या आसपास निघाले. शिक्षकांसाठी ब्रिटिश कौन्सिलबरोबर बूट कॅम्प काढले, ते चांगले होते असं माझे सहकारी सांगायचे, पण तीन आठवड्यांनी परत आले की समोर तेच पंचेचाळीस आणि तोच पर्यायांचा पेपर.

आणि नापास कोणालाच करायचं नाही. शून्य मिळालं तर पोराला बोलवायचं, एखादी वही पूर्ण करून घ्यायची किंवा रंगीत पोस्टर करून घ्यायचं आणि चारपैकी एक हा ग्रेड टाकायचा. मी पण टाकलेत, काय करणार. पोरांना हे सहावीपासून पाठ असतं.

वर मंत्री भराभर बदलतात, प्रत्येक जण नवीन पाटी लावतो. 2010 ला इंग्रजीला दुसरी अधिकृत भाषा करायची टूम निघाली ती बारगळली. 2012 हे 'इंग्लिश स्पीकिंग इयर', सोमवारी सगळ्यांनी इंग्रजीत बोलायचं. मग 2015 ला आसियानचा सामायिक बाजार येणार म्हणून शाळेच्या भिंतीवर दहा देशांचे झेंडे आले, दहा भाषांतला नमस्कार पोरांनी पाठ केला, झेंडे अजून आहेत, रंग उडालाय. मग पहिली ते तिसरीचे इंग्रजीचे तास वर्षाला 40 वरून 200 करायचा हुकूम आला. तास पाचपट, शिक्षक तेवढेच!

प्रश्न : म्हणजे सगळं शिक्षण मातृभाषेतून दिल्याचा हा परिणाम समजायचा का? आमच्याकडे नातवाला मराठी शाळेत घालायचा विषय चाललाय, सूनबाई थायलंडचंच उदाहरण देते. (आजोबा, सांगली)

आजोबा, सूनबाईंना सांगा उदाहरण चुकलंय. नेदरलँडची मुलं डच भाषेत शिकतात आणि त्याच ईएफच्या यादीत तो देश वर्षानुवर्षं पहिला असतो. व्हिएतनामची मुलं व्हिएतनामीत शिकतात, ती थायलंडच्या कितीतरी पुढे. थायलंडमध्ये मातृभाषा हा रोग नाहीच, तिथे मातृभाषेतलं शिक्षणच पोखरलंय. पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते, ती तिथली मुलं थायमधूनच देतात. 2022 ला थायलंडला गणितात 394, वाचनात 379, विज्ञानात 409 मिळाले, ते 2000 सालापासून भाग घेतात त्यात हे सगळ्यात कमी. श्रीमंत देशांची वाचनाची सरासरी 476 होती, आणि व्हिएतनाम 462. म्हणजे जे पोर स्वतःच्या भाषेतला उतारा वाचून त्यात काय म्हटलंय ते सांगू शकत नाही त्याला तुम्ही इंग्रजीचा उतारा देताय. इंग्रजी घसरलं घसरलं म्हणून तिथले पेपर दरवर्षी ओरडतात, पण माझं स्पष्ट मत आहे की इंग्रजी हे नुसतं वर दिसणारं टोक आहे, खाली वाचनच ढासळलंय आणि त्याची बातमी एवढी मोठी होत नाही कारण मंत्र्याला परदेशी शिक्षक मागवले म्हणून सांगणं सोपं असतं, चौथीच्या पोरांना वाचायला शिकवलं म्हणून सांगायला दहा वर्षं लागतात.

एक फरक मात्र लक्षात घ्या. तिथे इंग्रजीवाचून कोणाचं अडत नाही. कॉलेज थायमध्ये, कोर्ट, बँक, सिनेमाचं डबिंग, मोबाईलचं ॲप, सगळं थायमध्ये. आपल्याकडे सांगलीच्या पोराला बारावीनंतर इंग्रजीशिवाय पुढचं दार उघडत नाही म्हणून ते कसंबसं तरी शिकतंच. तेव्हा नातवाला मराठी शाळेत बिनधास्त घाला, फक्त ती शाळा चांगली बघा, आणि तिथे इंग्रजी कोण शिकवतं ते स्वतः जाऊन, वर्गात बसून बघा.

प्रश्न : थायलंडवर इंग्रजांचं राज्य नव्हतं म्हणून त्यांना इंग्रजी येत नाही, बरोबर ना? (विद्यार्थी, पुणे)

हे थाय लोक स्वतःच अभिमानाने सांगतात, आणि त्यात सबब पण भरपूर आहे. नेदरलँडवर तरी कुठे होतं रे? उलट राजघराण्यात इंग्रजी फार लवकर आलं, राजा मोंगकुट गादीवर यायच्या आधी भिक्खू होता तेव्हाच अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकला, आणि 1862 मध्ये आपल्या राण्यांना आणि मुलांना शिकवायला त्याने एक मास्तरीण नेमली, ॲना लिओनोवेन्स. तिच्यावरच्या हॉलिवूडच्या सिनेमांवर थायलंडमध्ये बंदी आलेली आहे. ती आयुष्यभर सांगत राहिली की माझा जन्म वेल्सचा, प्रत्यक्षात ती जन्मली 1831 ला आपल्या अहमदनगरात आणि लग्न झालं पुण्यात. म्हणजे सयामच्या, तेव्हाच्या थायलंडच्या, युवराजाची इंग्रजीची बाई नगरची!

तर मुद्दा असा की इंग्रजी राजवाड्यात आलं आणि राजवाड्यातच राहिलं. राजा सहावा राम ऑक्सफर्डला शिकला, खेड्यातल्या पोराला प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हायलाच 1921 उजाडलं. आज राजवाड्याच्या जागी बँकॉकच्या इंटरनॅशनल शाळा आहेत, वर्षाची फी कित्येक लाख बात (तिथलं चलन), तिथली मुलं लंडनच्या मुलांसारखी बोलतात. सरकारी शाळेत पण जास्तीची फी भरली की 'इंग्लिश प्रोग्रॅम'ची वेगळी तुकडी मिळते, तिला एसी खोली आणि गोरा मास्तर, शेजारच्या खोलीत पंखा आणि मी.

प्रश्न : माझं बी.ए. इंग्लिश, बी.एड. झालंय. थायलंडला शिकवायला जाऊ का? एजंट म्हणतो टुरिस्ट म्हणून जा, तिकडे गेल्यावर बघू. (एक ताई, नांदेड)

अगं जा, पण त्या एजंटच्या नादाने अजिबात नको. काम मिळतं, कारण शिक्षक कमी आहेत, पण पासपोर्टवर पगार ठरतो हे आधीच पचवून घे. ब्रिटिश-अमेरिकन पासपोर्टला 30-40 हजार बात, तेच काम करणाऱ्या फिलिपिनो किंवा भारतीय बाईला कितीदा 15-20 हजार, रुपयात किती ते आजच्या भावाने बघ. सगळ्यात जास्त राग याचा येतो की ज्याला नीट शिकवता येत नाही असा बॅकपॅकवाला पोरगा 'नेटिव्ह' म्हणजे इंग्रजी मातृभाषेचा म्हणून मिरवतो, आणि बी.एड. झालेल्या फिलिपिनो मॅडम त्याच्या तासांची टाचणं पण काढून देतात. तरी पालकांना फोटोत गोराच हवा असतो.

कागद हे बघ. पदवीचं प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स, आणि आपण नेटिव्ह नाही म्हणून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत 600 किंवा तशाच दुसऱ्या परीक्षेचा स्कोअर. शाळेने तुला नॉन-इमिग्रंट बी व्हिसासाठी पत्र द्यायचं, पोचल्यावर वर्क परमिट काढायचं, आणि खुरुसफा म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी. बी.एड.चा पुढे कायम लायसन्ससाठी उपयोग होतो, मूळ मार्कशीटं बरोबर ने. टुरिस्ट म्हणून जाऊन वर्गात उभी राहिलीस तर पकडली जाशील तू, एजंट नाही. करारात मार्च ते मेच्या सुट्टीचा पगार आहे का ते वाच, बऱ्याच एजन्सी दहा महिन्यांचाच करार करतात आणि ऐन सुट्टीत खिसा रिकामा. आणि शाळेचं पत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढू नकोस, हवं तर करार मला मेल कर, मी वाचून सांगते.