मोहरमच्या ‘हार्दिक शुभेच्छा’?

पलूसकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या पतसंस्थेनं ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ असा फ्लेक्स लावला. गावातल्या एका चाचांनी टोकलं, “दुखवट्याला कसल्या शुभेच्छा देताय?” संचालक मंडळ दचकलं आणि ठराव झाला की यापुढं कुठल्याच सणाचं नाव घ्यायचं नाही, सगळ्यांना सरसकट ‘सणासुदीच्या शुभेच्छा’. अमेरिकेतही हल्ली असंच करतात म्हणे. हे भाषेच्या दृष्टीनं बरोबर आहे का?

चाचांचं बरोबर आहे. मोहरमच्या दहाव्या दिवशी, इसवी सन ६८० मध्ये, करबलाला प्रेषित महंमदांचे नातू इमाम हुसेन शहीद झाले, त्याचा हा शोक. मोहरमला मिरवतात त्या ताबूत या शब्दाचा मूळ अरबी अर्थही पेटी, शवपेटी असाच. म्हणजे खोट ‘मोहरम’ या शब्दात नव्हती, ‘शुभेच्छा’त होती. मंडळानं नाव काढलं आणि शुभेच्छा ठेवली!

ही शुभेच्छा शिरते कुठून, ते मी सांगलीत एका फ्लेक्सवाल्याकडं बघितलंय. पोरानं दिवाळीची जुनी फाईल उघडली, पणत्या पुसल्या, हिरवा रंग ओतला, कोपऱ्यात चंद्रकोर बसवली. ‘हार्दिक शुभेच्छा’ला हातही लावला नाही. गिऱ्हाईकाचं लक्ष स्वतःचा फोटो केवढा येतोय यावर. ‘हार्दिक’ बिचारा निर्दोष आहे. मनापासून दुःखही होतं. पण सवयीनं तो शुभेच्छेला चिकटलाय आणि श्रद्धांजलीच्या वाट्याला ‘भावपूर्ण’ आलाय.

आपल्याकडं या दिवसाला काय बोलायची रीत होती? सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी बघायला हिंदू-मुसलमान दोघंही लोटतात. आमच्या आज्जीच्या तोंडी “पीर बसले”, “चोंगे खायला या”, “भेटीला येणार न्हवं?” एवढंच असायचं. (चोंगे म्हणजे मोहरमला करतात तो गोड पदार्थ.) शुभेच्छा कुणी दिली नाही, कुणाचं अडलंही नाही. मोहरमला सण म्हणतातच लोक, हे खरं. पण सण हा शब्द ‘क्षण’वरून आलाय, आणि लोक सण म्हणतात म्हणून त्यात आनंद असलाच पाहिजे असं नाही.

आता ‘सणासुदी’. हा शब्द एका दिवसाचा नाहीच, हंगामाचा आहे. “सणासुदीला घरात भांडू नका”, “सणासुदीच्या तोंडावर तेल महागलं”, नाहीतर दुकानाची सवलत. रमजान ईदच्या सकाळी शेजारच्या भाभींना तुम्ही दारात ‘सणासुदीच्या शुभेच्छा’ म्हणाल का? ‘ईद मुबारक’च म्हणाल. त्यातला ‘मुबारक’ आणि आपली ‘बरकत’ एकाच अरबी धातूतून निघालेत, त्यामुळं तो शब्द परका वाटायचंही कारण नाही. नाताळही तसाच, पोर्तुगीजातून आलेला. अर्थ जन्माचा दिवस.

अमेरिकेचा वाद वेगळा. तिथं दर डिसेंबरला ‘मेरी ख्रिसमस’ म्हणायचं की ‘हॅपी हॉलिडेज’, यावर जुंपते. गंमत अशी की हॉलिडे म्हणजे मुळात ‘होली डे’, पवित्र दिवस; धर्म टाळायला घेतलेल्या शब्दातच धर्म दडलेला. पण तिथं एकाच महिन्यात वेगवेगळ्या धर्मांचे सण येतात आणि समोरचा कोण ते ठाऊक नसतं, म्हणून त्याला काही अर्थ तरी आहे. तेच मराठीत ‘सुट्टीच्या शुभेच्छा’ केलं तर मे महिन्याआधी गुरुजी वर्गाचा निरोप घेतायत असं वाटेल.

पतसंस्थेनं लांब जायची गरज नाही. ६ डिसेंबरला त्यांच्याच चौकात ‘महापरिनिर्वाण दिनानिमित्त विनम्र अभिवादन’ असा फलक लागत असेल. तीच घडण घ्या: ‘मोहरमनिमित्त हजरत इमाम हुसेन यांना विनम्र अभिवादन’. ईदला ‘ईद मुबारक’, दिवाळीला ‘दिवाळीच्या शुभेच्छा’, नाव घेऊन. आणि छपाईला टाकण्याआधी मजकूर एकदा त्या चाचांना दाखवा. संचालकांचे फोटो मात्र त्या दिवशी नकोतच.