भालाफेकीत सतरावे वर्ष ही सुरुवात असते

स. न. वि. वि.

वाळवा तालुक्यातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या सतरा वर्षांची असून अकरावी विज्ञान शाखेत शिकते. शालेय राष्ट्रीय स्पर्धेत ती भालाफेकीत सहावी आली, आणि आता दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही असे नातेवाईक म्हणू लागल्याने शिक्षण सोडावे की भाला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, निदान बारावी होईपर्यंत, यांपैकी काहीही सोडू नये.

मात्र त्याआधी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सरावानंतर तिच्या उजव्या कोपराची आतली बाजू ठणकते आणि रात्री तिची आई मिठाच्या पुरचुंडीने शेकते, असे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. मला संपूर्ण पत्रात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. भाल्याची फेक मुळात पायांतून येते: धाव, शेवटची तिरकी पावले, मेखेसारखा रोवलेला डावा पाय, मग कंबर, खांदा आणि सर्वांत शेवटी हात. ही साखळी कुठे तुटली आणि कोपर खांद्याच्या खाली पडले, की मुलगी नुसत्या हाताने भाला ओढू लागते आणि सारा ताण कोपराच्या आतील अस्थिबंधावर, म्हणजे हाडांना जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यावर, येतो. नीरज चोप्रा यांच्या कोपरावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला त्यांना मुकावे लागले. शेकण्यावर न थांबता तिला मिरजेला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि त्यांचा सल्ला मिळेपर्यंत पूर्ण ताकदीच्या फेकी बंद ठेवून, त्यांना विचारून पाय, कंबर आणि पोटाचे व्यायाम चालू ठेवावेत.

घाई नको म्हणण्याचे कारण या खेळातच आहे. अठरा वर्षांखालील मुलींचा भाला ५०० ग्रॅमचा असतो, तर वरिष्ठ गटात तो ६०० ग्रॅमचा होतो; त्यामुळे भाला बदलला की सुरुवातीला अंतर घटते, आणि नेमक्या त्याच वेळी अनेक पालक धीर सोडतात, याचे मला वाईट वाटते. उसाचे दांडके फेकत सुरुवात करणाऱ्या मेरठकडच्या अन्नू राणी यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटर फेकीसह सुवर्णपदक जिंकले ते २०२३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. नीरज यांना टोकियोत तेविसाव्या वर्षी सुवर्ण मिळाले, परंतु त्यांच्या वयाशी आपल्या मुलीचे वय ताडून पाहू नये.

नोकरीची आपली चिंता रास्त आहे. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलातही खेळाडूंची भरती होते. परंतु अधिकारी पदासाठी पदवी लागते, आणि शारीरिक शिक्षणातील बी.पी.एड.लाही पदवीनंतरच प्रवेश मिळतो. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि पुढे प्रशासकीय सेवेत आल्या, हे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. विज्ञान शाखेचा भार सरावाला पेलवत नसेल तर बारावीनंतर कला शाखेकडे वळण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र आणि निकालपत्रक जपून ठेवावे, कारण नोकरीच्या वेळी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून त्याची पडताळणी होते. बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांचा प्रस्ताव महाविद्यालयामार्फत मुदतीत जाईल, याकडेही आपणच लक्ष द्यावे.

डॉक्टरांचे निदान झाल्यावर तिच्या दोन-तीन फेकींचे बाजूने घेतलेले चित्रीकरण मला पाठवावे. तिच्या प्रशिक्षकांशी बोलून परीक्षेच्या महिन्यांसह वर्षभराचे वेळापत्रक आपण मिळून ठरवू.