चर्चमध्ये काय मागायचं, कुणाकडे मागायचं

व्हॅटिकनने डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या आशीर्वादाबद्दल पत्रक काढलं. तेव्हापासून या सदराकडे ठाणे आणि नवी मुंबईतून एकाच धाटणीची पत्रं येत आहेत. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. उत्तरं कॅनन कायद्याचे, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचे, एक अभ्यासक आणि कौटुंबिक कायद्याच्या एक वकील यांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं आणि चर्च छापलेली नाहीत.

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, आयटीत नोकरी करतो. लहानपणी ऑल्टर बॉय (उपासनेत फादरना मदत करणारा मुलगा) होता. ईस्टरनंतर त्याने सांगितलं की तो गे आहे. प्रार्थना गटातल्या एक बाई म्हणतात, पाच दिवसांचं शिबिर आणि त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या की हे जातं. पाठवू का? आणि त्याने कम्युनियन (उपासनेतला पवित्र प्रसाद) घ्यावं की नाही? — एक आई, नवी मुंबई

पाठवू नका. ‘जातं’ म्हणायला हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडचा मानसिक आरोग्य कायदा, २०१७ सांगतो की समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींत बसत नाही एवढ्यावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार ठरवला आहे. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. चिठ्ठी मिळाली असेल तर फाडू नका, तोच पुरावा आहे. आणि सज्ञान मुलाला त्याच्या मर्जीविरुद्ध शिबिरात डांबलं, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

आता चर्चचं. कॅटेकिझममधले, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकातले, परिच्छेद २३५७ ते २३५९ सलग वाचा, कारण भांडणारे दोन्ही पक्ष त्यांतलं आपल्या सोयीचं एकेक वाक्य उचलतात. २३५७ मध्ये समलिंगी शरीरसंबंध चुकीचे म्हटले आहेत आणि तिथली भाषा कडक आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. २३५८ म्हणतो की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारावं आणि अन्यायकारक भेदभावाची खूणसुद्धा टाळावी. २३५९ ब्रह्मचर्याची अपेक्षा ठेवतो. कल असणं हे पाप आहे, असं तिन्हींत कुठेच नाही.

त्यामुळे तुमच्या मुलाने ‘मी गे आहे’ म्हटल्याने त्याचं कम्युनियन थांबत नाही. कॅनन (चर्चच्या कायद्यातलं कलम) ९१६ प्रमाणे आपल्या मनावर गंभीर पाप आहे का, हे ज्याचं त्याने तपासायचं असतं. कॅनन ९१५ धर्मगुरूला नकार देऊ देतो, पण उघड आणि गंभीर पापाला हट्टाने धरून राहणाऱ्यालाच. कानावर आलेली कुजबुज त्याला पुरत नाही. आईला घरात सांगितलेली गोष्ट ‘उघड’ होत नाही. ती उघड होते आईने प्रार्थना गटात बोलल्यावर. तुम्ही त्या बाईंशी बोललात ते मुलाला माहीत आहे का? नसेल तर आधी त्याला सांगा. आणि यापुढे कुणाला, अगदी फादरना सांगायचं असलं तरी त्याला विचारून सांगा.

आम्ही दोघांनी मिळून घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला. फादरना बोलावून घर ब्लेस करून घ्यायचं आहे, त्याच वेळी आम्हालाही आशीर्वाद हवा आहे. वीस-पंचवीस माणसं, केक, अंगठ्या. जमेल का? — दोघे, ठाणे

घर ब्लेस होईल. तुम्हा दोघांना आशीर्वादही मिळू शकतो. अंगठ्या आणि केक त्या दिवशी नकोत.

१८ डिसेंबर २०२३ च्या पत्रकाचं नाव ‘फिदुचिया सुप्लिकान्स’. गंमत म्हणजे हे पत्रक काढणाऱ्या व्हॅटिकनच्या कार्यालयानेच मार्च २०२१ मध्ये अशा नात्यांना आशीर्वाद देण्याचा अधिकार चर्चला नाही, असं लेखी सांगितलं होतं. तेव्हा प्रश्न ‘नात्याला आशीर्वाद देता येईल का’ असा होता. २०२३ चं पत्रक ‘आशीर्वाद मागायला आलेल्या दोन माणसांना’ काय द्यायचं ते सांगतं. नात्यावर शिक्का मारणं तेव्हाही नाकारलं होतं, आजही नाकारलेलं आहे. हा फरक कागदी वाटेल, पण फादर त्यावरच हो किंवा नाही म्हणतात.

नियम असे. छापील विधी नाही. लग्नाचे कपडे, लग्नातल्या खुणा, लग्नाचे शब्द नाहीत. कुठल्याही नागरी विवाहसोहळ्याच्या वेळी किंवा त्याला जोडून नाही. ४ जानेवारी २०२४ च्या खुलाशात वेळही सांगितली: दहा ते पंधरा सेकंद. नमुन्याची प्रार्थनासुद्धा दिली आहे. तब्येत, काम, शांती आणि एकमेकांचा आधार मागायचा, सुवार्तेच्या विरुद्ध जे असेल त्यातून सोडव म्हणायचं आणि दोघांवरही क्रूसाची खूण करायची, प्रत्येकावर वेगळी. फादर त्यातलं ‘सोडव’ हे वाक्य म्हणतील, त्याची तयारी ठेवा. ते ऐकून ऐन वेळी दुखावले गेलेले लोक आहेत.

यासाठी अर्ज नाही, रजिस्टरमध्ये नोंद नाही, दाखला नाही. प्रसंग म्हणून पत्रक तीर्थयात्रा, देवळाला भेट, धर्मगुरूंची गाठ यांची उदाहरणं देतं. म्हणजे सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला गेलात आणि तिथल्या फादरपुढे दोघांनी मान वाकवली, तर ते पत्रकाच्या चौकटीत चपखल बसतं.

घराचं वेगळं. घराच्या आशीर्वादाचा विधी चर्चच्या पुस्तकात छापलेला आहे: वाचन, प्रार्थना, खोल्याखोल्यांत पवित्र पाणी. तो त्या घराचा आणि तिथे राहणाऱ्यांचा असतो, त्याला लग्नाच्या दाखल्याची गरज पडत नाही. आमचं मत असं की फादरना फोनवर फक्त घराचं सांगा आणि ते आल्यावर, पाणी शिंपडून झाल्यावर, ‘आमच्यासाठी पण प्रार्थना करा’ म्हणा. मात्र दोघं जोडपं आहात हे आधी भेटून मोकळेपणाने सांगा. दारात कळलं तर कुणीही बिचकेल. फिसकटतं ते बहुतेक व्हॉट्सॲपवर. ‘ब्लेसिंग सेरेमनी’ लिहिलेलं कार्ड फिरतं, कुणीतरी ते बिशप हाऊसला पाठवतं आणि फादर माघार घेतात. त्यांनी नकार दिला तर सक्ती करता येत नाही. आफ्रिकेतल्या बिशपांनी तर जानेवारी २०२४ मध्ये मिळूनच ‘आमच्याकडे नाही’ असं कळवलं होतं.

आणि एक न विचारलेलं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, पण मृत्युपत्र केलंत का? ख्रिस्ती माणसाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. त्यात जोडीदार म्हणून तुमचं नाव कुठेच येत नाही. मृत्युपत्राशिवाय एक जण गेला, बायको-मुलं नसली आणि वडील हयात असले, तर त्याचा सगळा हिस्सा वडिलांना. वडील नसतील तर आई आणि भावंडांत वाटणी. सोसायटीतलं नॉमिनेशन मालकी देत नाही. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ज्याला द्यायचं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द ठरतं. ही चूक हौसेने घरीच कागद करणाऱ्यांकडून हमखास होते.

बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. मी गे आहे, जोडीदारासोबत राहतो, हे नातेवाइकांना माहीत आहे. मला गॉडफादर (धर्मपिता) होता येईल का? — नेरूळ

कॅनन ८७४ च्या अटी: वय १६ पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं, बाळाचे आईवडील नसावेत आणि आयुष्य श्रद्धेला धरून असावं. अडतं या शेवटच्या अटीवर. ब्राझीलच्या एका बिशपांच्या प्रश्नांना व्हॅटिकनने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्तरं दिली, त्यांत हे आलं आहे. नुसतं एकत्र राहणं आणि सगळ्या धर्मग्रामाला (पॅरिशला, म्हणजे त्या चर्चच्या लोकांना) ठाऊक असलेला, नवराबायकोसारखा जाहीर संसार यांत तिथे फरक केला आहे. दुसऱ्या प्रकारात अडचण जास्त, पण सरसकट बंदीही लिहिलेली नाही. निर्णय धर्मग्रामगुरूंच्या विवेकावर सोडला आहे.

म्हणून बाप्तिस्म्याच्या आठवडाभर आधी धावू नका. महिनाभर आधी बहिणीने आणि मेहुण्यांनी जाऊन बोलावं, कारण बाप्तिस्मा त्यांच्या मुलाचा आहे. दृढीकरणाचा दाखला सापडत नसेल, तर जिथे तुमचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चकडून ताजा उतारा मागा. पुढच्या संस्कारांचे शेरे त्याच नोंदीवर असतात. नकार आलाच तर कॅनन ८७३ लक्षात ठेवा: एकच गॉडपेरेंट पुरतो, त्यामुळे बाळाचा बाप्तिस्मा अडकत नाही. लग्नात साक्षीदार म्हणून उभं राहायला मात्र त्याच उत्तराप्रमाणे काहीही आडकाठी नाही.

लग्नाला चार वर्षं झाली. नवरा गे आहे, त्याला हे लग्नाआधीच माहीत होतं, घरच्यांच्या दबावाने त्याने होकार दिला. चर्चमधून लग्न रद्द होईल का? मग पुन्हा लग्न करता येईल? — कळवा

हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्ही चालावे लागतील.

चर्चच्या न्यायाधिकरणापुढे प्रश्न एवढाच असतो की होकार दिला त्या दिवशी तो खरा आणि पुरेसा होता का. नंतर काय बिनसलं ते फक्त त्याचा पुरावा म्हणून उपयोगी. तुमच्या बाबतीत तीन कॅनन पाहिले जातील: १०९५ चा तिसरा भाग (मानसिक कारणांमुळे संसाराची मूलभूत कर्तव्यं पेलण्याची असमर्थता), १०९८ (होकार मिळवण्यासाठी केलेली फसवणूक) आणि दबाव खरोखर भीतीच्या पातळीचा असेल तर ११०३. नवरा गे आहे एवढं सिद्ध झालं म्हणजे निकाल लागला, असं नाही. लग्नाआधी त्याने कुणाला सांगितलं होतं, तो मित्र किंवा बहीण साक्षीला येईल का, हे महत्त्वाचं. तुमचा बाप्तिस्म्याचा ताजा उतारा, लग्नाचा दाखला आणि दोन-तीन पानांत तारखांसह हकीकत, एवढं घेऊन आधी तुमच्या फादरना भेटा. पहिल्या पातळीवर वर्षभरात निकाल द्यावा, अशी कॅननची अपेक्षा आहे. २०१५ च्या सुधारणेनंतर दुसऱ्या न्यायाधिकरणाची सक्तीची मोहोर लागत नाही, कुणी अपील केलं तरच प्रकरण पुढे जातं.

पण हा निकाल सरकार दरबारी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. घटस्फोट कायदा, १८६९ खाली दिवाणी हुकूमनामा घ्यावाच लागेल. दोघं राजी असाल तर कलम १० अ खाली परस्पर संमतीचा मार्ग आहे. त्यात किती काळ वेगळं राहिलेलं असावं यावर उच्च न्यायालयांचे निकाल निरनिराळे आहेत, म्हणून वेगळं राहायला लागल्याची तारीख कागदावर ठेवा. हुकूमनाम्याशिवाय दुसरं लग्न केलंत तर ते द्विविवाहाचा गुन्हा ठरेल, चर्चचं पत्र हातात असलं तरी.

पुरावा म्हणून त्याचे चॅट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. न्यायाधिकरणाला त्याची जबानी हवी असते, आणि बदनाम झालेला माणूस जबानी द्यायला येत नाही.

मी ख्रिस्ती नाही, कुतूहल म्हणून विचारतो. आधीच्या पोपने ‘मी कोण न्याय करणारा’ म्हटलं. आता नवे पोप आले. सगळं मागे फिरणार का? — नौपाडा

ते वाक्य पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये रिओहून परतताना विमानात पत्रकारांना सांगितलं. शिकवण त्यांनीही बदलली नाही. या विषयावरचा कॅटेकिझममधला शब्द हलला नाही. बदलली ती वागणूक. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी चर्च समलिंगी माणसांना गुन्हेगार मानत नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं. ३७७ सहमतीच्या संबंधांपुरतं २०१८ मध्ये गेलं. फ्रान्सिस स्वतः ‘समलिंगी असणं हा गुन्हा नाही’ हे जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत बोलले.

मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी त्याच सप्टेंबरात, समलिंगी कॅथलिकांमध्ये काम करणाऱ्या जेम्स मार्टिन या जेज्वीट फादरना भेट दिली. त्याच आठवड्यात समलिंगी यात्रेकरू ज्युबिलीच्या (चर्चच्या पवित्र वर्षाच्या) निमित्ताने सेंट पीटरच्या पवित्र दारातून गेले. शिकवण नजीकच्या काळात बदलण्याची शक्यता फार कमी, असंही लिओ यांनी मुलाखतीत सांगून टाकलं. तेव्हा मागे फिरण्याची भीती नको आणि उडी मारण्याची आशाही नको.

मी समलिंगी आहे हे कन्फेशनमध्ये (फादरपुढे पापांची कबुली देताना) सांगितलं तर फादर माझ्या आईबाबांना सांगतील का? ते एकमेकांना चांगले ओळखतात. — वय १९, ठाणे

नाही. सांगता येत नाही, शब्दाने नाही आणि सूचनेनेही नाही (कॅनन ९८३). जो धर्मगुरू थेट फोडेल तो त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो (कॅनन १३८६) आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार रोमकडे आहे.

मात्र हे संरक्षण फक्त कन्फेशनला आहे. मिस्सेनंतर अंगणात, ऑफिसात किंवा फोनवर ‘फादर, जरा बोलायचं होतं’ म्हणून सांगितलं, तर त्यावर हे गुप्ततेचं बंधन नसतं. फादर तोंड बंद ठेवतीलही, पण ते त्यांच्या सौजन्यावर. तेव्हा कन्फेशनलमध्ये जा, जाळीमागून बोला, आणि ओळखीचा आवाज नको असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जा. कन्फेशन आपल्याच चर्चमध्ये करायला हवं, असा नियम नाही.