फो लेदर, म्हणजे नकली चामडं, शिवायला घेतेयस? आधी हे वाच

पहिल्याच फटक्यात पूर्ण बाह्यांचं जॅकेट नको गं. पुण्यात होळी झाली की ऊन तापतं, आणि या कापडातून हवा अजिबात खेळत नाही. त्यापेक्षा ए-लाइन स्कर्ट किंवा बिनबाह्यांचं, पुढून उघडं जाकीट शिव; आत सुती अस्तर. रविवार पेठेत घेताना सोफ्याचं जाड रेक्झिन गळ्यात पडू देऊ नकोस. मुठीत चुरगळून बघ, मऊ पडलं पाहिजे.

यात सुईचं भोक बुजत नाही, म्हणजे उसवाउसवी बंद. आधी मांजरपाटावर मापं बसवून घे, टाचण्यांऐवजी क्लिपा लाव. टाका 3 ते 4 मिलिमीटरचा. बारीक घातलास तर शिवणीवर कापड तिकिटासारखं फाटतं. सुई 14 नंबरची चालते. मशीनचा पाय चिकटून कापड पुढे सरकेना झालं, तर टेफ्लॉनचा पाय लाव. नसला तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिव, नंतर फाडून टाक. टोकाला उलटी शिवण मारू नकोस, दोऱ्यांना हाताने गाठ दे.

इस्त्रीचं तर नावच काढू नकोस! शिवण उघडून रबर सोल्यूशनने चिकटव आणि वरून लाटणं फिरव.