ते दीड हजार रुपये परत का करायला लावले?

प्रश्न (संक्षिप्त) : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत ६८ टक्के मिळवून उत्तीर्ण झाली. 'नीट' पुन्हा द्यावी असा आमचा आग्रह आहे. ती मात्र दिवसभर संगणकावर दुकानांचे लोगो करत बसते. बचत गटाच्या पापडांचे पाकीट तिने करून दिले, त्याचे मिळालेले १५०० रुपये आम्ही परत करायला लावले. असे लोगो तर मोबाइलवर फुकट मिळतात. तिला कसे समजवावे?
– एक पालक, कराड

उत्तर : आपल्या सविस्तर पत्रात पुतण्याच्या गुणांचा उल्लेख तीनदा आहे, मुलीचे स्वतःचे म्हणणे काय, याचा एकदाही नाही. त्याहूनही मला खटकले ते पैसे परत करायला लावणे. पापड लाटून संसाराला हातभार लावणाऱ्या बायका पदरचे दीड हजार रुपये उगीच कोणाला देत नाहीत, आणि पैशाची किंमत त्या आपल्यापेक्षा कमी जाणत नाहीत. तिने आयुष्यात प्रथमच मिळवलेला मोबदला आपण लाजिरवाणा ठरवलात. 'नीट'च्या गुणांपेक्षा मला याची काळजी अधिक वाटते.

लोगो मोबाइलवर फुकट मिळतो हे खरे आहे, आणि ती तेवढ्यावरच थांबणार असेल तर आपली शंका रास्त आहे. परंतु लोगो हा ग्राफिक डिझाइनच्या कामाचा लहानसा भाग असतो. छोट्या व्यवसायाची पाटी फ्लेक्सवाल्याने एका वळणाच्या अक्षरांत केलेली असते, पाकीट छापखान्याने दुसऱ्या, बिलबुक तिसऱ्याच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात घरातल्याच कोणीतरी भलत्या रंगात. मग एकाच दुकानाचा माल ग्राहकाला चार दुकानांचा वाटतो. या सर्व ठिकाणी एकच अक्षरवळण आणि ठरलेले दोन रंग कसे टिकवायचे, पडद्यावरचा झळझळीत भगवा छपाईत मळकट का उतरतो, मोबाइलवरचे चित्र दहा फुटी पाटीसाठी ताणले की धूसर का होते, पाकिटावर निव्वळ वजन, किंमत आणि अन्न परवान्याचा एफएसएसएआय क्रमांक यांना जागा दिल्यावर उरलेल्या जागेत नाव उठून कसे दिसेल, हे ठरवणे म्हणजे हे काम. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक आहे आणि तिची अक्षरे इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. एवढ्या पाट्या लागल्या, तरी त्यांवरची विस्कटलेली जोडाक्षरे पाहता देवनागरीची जाण असलेली माणसे बाजारात फार नसावीत.

उत्पन्नाविषयी खोटी आशा दाखवणार नाही. छोटे दुकानदार घासाघीस करतात, पैसे उशिरा देतात आणि 'जरासा बदल' म्हणत सहा वेळा काम करून घेतात. म्हणूनच रीतसर शिक्षण हवे. त्याच्या प्रवेश परीक्षा अशा : उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी, आयआयटी मुंबईच्या बी.डिझाइनसाठी यूसीड, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी डॅट. तिचे ६८ टक्के यांपैकी कशाच्याही आड येत नाहीत.

मुलीला समजावण्याचा विचार तूर्त सोडावा. आपण स्वतः बचत गटाकडे जाऊन, नव्या पाकिटाबद्दल घेणारे काय म्हणतात, हे विचारावे आणि ते पैसे गटाला अजूनही द्यायचे असतील तर तिला घेऊ द्यावेत. नंतर तिला विचारावे, की हेच नाव बिलावर, पिशवीवर आणि जत्रेतल्या स्टॉलवर ती कसे लावणार आहे. पुढचे पत्र मात्र तिनेच लिहावे, अशी माझी विनंती आहे.