लग्नातले टॅन लेदरचे बूट पांढरट पडलेत, घरी पॉलिश कसं करायचं?

आधी एक सांगतो, खोबरेल तेल लावू नका. दोन वर्षं खोक्यात पडून बूट पांढरट झालेत, बोटांपाशी सुरकुत्या आल्यात आणि घरचे म्हणतायत तेल चोळा, असं तुम्ही लिहिलंय. मी चोळलंय. सोलापुरात एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आहे, दिवसभर बाइक आणि दवाखान्याच्या पायऱ्या, बूट नीट नसतील तर आपलंच आपल्याला कसंतरी होतं. एका जानेवारीत टॅन बुटात रात्री मस्त तेल जिरवलं आणि दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला होम मैदानावर गेलो, परत येईपर्यंत बूट म्हणजे पिठात घोळलेली भजी! धूळ निघाली एकदाची, पण रंग जागोजागी काळपट झाला तो कायमचाच. स्टेशनजवळ पॉलिश करणारे काका बघून म्हणाले, "मालक, तेल डोक्याला लावायचं असतंय की." पुढचं सगळं त्यांच्याकडूनच शिकलो.

पांढरं नेमकं काय आहे ते बघा. कुबट वास आणि पुसल्यावर जाणारी पूड असेल तर बुरशी आहे, घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. कडेला लाटेसारखी रेघ असेल तर घामाचं मीठ, त्याला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडकं घट्ट पिळून. बुटाच्या जिभेवर आधी लावून बघा, रंग जात नाही ना. आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ते बहुतेक खरं लेदर नाही, तिथं पॉलिशवर पैसे घालू नका.

मग लेस काढून ब्रश मारायचा, सोल जिथं जोडलाय त्या फटीत सुद्धा, कारण आपल्याकडची धूळ तिथंच बसते आणि तिच्यावरच पॉलिश फासलं की बूट भुरकट दिसतात. ओलसर फडक्याने पुसून आत पेपर कोंबून सावलीत ठेवा. एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवाल तर लेदर कडक होईल आणि सोल चिकटवलेला गम पण सुटेल. वाळल्यावर लेदर कंडिशनर, वाटाण्याएवढं एका बुटाला पुष्कळ, वीस मिनिटं मुरू द्या. सुरकुत्या यानं मऊ पडतात, पण खरी भेग असेल तर ती मिटत नाही, खोटं कशाला सांगू.

रंगासाठी क्रीम पॉलिश, बुटापेक्षा एक छटा फिकट घ्या. चमक डबीतल्या मेणाच्या पॉलिशची. बोटाला जुन्या बनियनचा तुकडा घट्ट गुंडाळा (सोलापुरी टॉवेल नको, आपलाच माल आहे पण त्याचे धागे चिकटतात), अगदी थोडंसं मेण घ्या आणि बुटाच्या टोकावर छोटे गोल गोल फिरवा. सुरुवातीला धुरकट होतं, घाबरू नका. पाण्याचा एक थेंब टाकायचा, परत फिरवायचं, दाब कमी करत जायचं, पाच-सात वेळा केलं की त्यात घरातली ट्यूबलाइट दिसायला लागते. हे फक्त टोकाला आणि टाचेला. जिथं बूट वाकतो तिथं जाड मेण चढवलं की ते तडकतं. बाकी ठिकाणी हलका हात आणि मग भरपूर ब्रश. लोक पॉलिश जास्त लावतात आणि ब्रश कमी मारतात, उलटं पाहिजे.

स्पंजवाली लिक्विड बाटली घाईला ठीक आहे, पण चांगल्या लेदरवर रोज नको, थर बसत जातो आणि नंतर तडे जातात. डबीचं झाकण मात्र घट्ट लावा, आतलं टर्पेंटाइनसारखं सॉल्व्हंट उडालं की उन्हाळ्यात पॉलिशचे सरळ तुकडे पडतात.

आणि पोराच्या शाळेच्या काळ्या बुटांचा ब्रश या टॅनला चुकूनही लावू नका. आमच्या घरी आता टॅनच्या ब्रशला लाल दोरा बांधलेला आहे, तरी बायको विचारते कुठला कुठला.