हात थरथरायला लागलेत

"ताई, मी ॲम्ब्युलन्सवर काम करतो. पाण्यातून काढलेल्या एका लहान मुलीला आम्ही वाचवू शकलो नाही. तेव्हापासून ड्यूटीवरून आलो की प्यायल्याशिवाय डोळा लागत नाही. आता सकाळी हात थरथरतात, परवा शीर पकडताना दोनदा सुई चुकली. त्या घटनेनंतर साहेबांनी सगळ्या टीमला बसवून बोलायला लावलं होतं, त्यानं काही फरक पडला नाही. एक सहकारी स्वतः दारूतून बाहेर पडलाय. 'माझ्याबरोबर मीटिंगला चल' म्हणतो. पण त्याच्याच डोक्याला कमी ताप आहेत का? माझं ओझं त्याच्यावर कशाला? शिवाय नोकरी गेली तर? उद्यापासून एकदम बंदच करीन म्हणतो."

भाऊ, एकदम बंद करू नका. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा वेळी ती अचानक तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. असे पेशंट तुम्ही स्वतः उचलून नेले असतील. आधी डॉक्टरांकडे जा आणि रोजचा खरा आकडा सांगा, निम्मा करून नको. काही दिवसांची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन ते तुम्हाला यातून सुखरूप बाहेर काढू शकतात. तोवर रजा टाका, गाडीही चालवू नका. यात मी सूट देणार नाही, कारण तुमच्या सुईखाली कुणाचा तरी हात असतो.

दारूनं झोप लागते हे खरं, पण ती पहाटे मोडते. उत्तररात्री झोप तुटक होते, स्वप्नं अंगावर येतात. ती मुलगी तुम्हाला त्याच वेळी जास्त छळत असेल तर त्यात दारूचाही हात आहे.

साहेबांनी घेतलेल्या बैठकीचा उपयोग झाला नाही म्हणून आपलं काही होणार नाही असं समजू नका. घटनेनंतर सगळ्यांना एकदाच बसवून बोलायला लावल्यानं पुढचा मानसिक आघात टळत नाही, हे अभ्यासांतूनही दिसलंय. त्यासाठी आघातावर काम करणाऱ्या थेरपिस्टकडे, ट्रॉमावरच्या सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआरसाठी (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं त्या आठवणींवर काम करणारी थेरपी), सलग काही महिने जावं लागेल. ते काम तुमच्या मित्राचं नाही.

मग मित्राचं काय काम? १९३५ साली बिल विल्सन हा दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेला माणूस अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एकटा होता. धंद्याचा व्यवहार फिसकटला होता आणि हॉटेलातला बार समोर दिसत होता. त्यानं फोनाफोनी करून दुसरा एक दारुडा शोधला, डॉक्टर बॉब स्मिथ. पंधरा मिनिटं बसतो म्हणालेल्या डॉक्टरांशी बोलणं कित्येक तास चाललं. त्या दोघांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही, दारू सोडणाऱ्यांनी मीटिंगांमधून एकमेकांना आधार द्यायची संघटना उभी राहिली. बिल तिथे उपकार करायला गेला नव्हता, तो स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. तुमचा सहकारी तुम्हाला बोलावतो त्यात त्याचीही गरज आहे. त्याला नाही म्हणून तुम्ही त्याचा भार हलका करत नाही.

शिवाय सायरन बंद झाल्यावर गाडीत कशी शांतता पसरते, हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. घरच्यांना किती सांगाल, आणि त्यांनी ते किती ऐकायचं? हे कळणारे लोक ड्यूटीनंतर बाटली उघडून बसतात तिथेही आहेत, म्हणून तर ती बैठक सोडवत नाही. पण तिथे तुमच्या थरथरत्या हाताकडे बघून कुणी काही बोलणार नाही. तो बोलला.

नोकरीची भीती खरी आहे. तरी ड्यूटीवर काही विपरीत घडून तोंडाचा वास पकडला जाण्यापेक्षा आधीच आजार म्हणून उपचारांची रजा मागणं केव्हाही बरं, निदान तुमच्या बाजूनं बोलायला जागा राहते. तुमच्या सहकाऱ्यानं तेव्हा कुणाला सांगितलं, अर्जात काय लिहिलं, परतल्यावर कुठली ड्यूटी मिळाली, हे त्याला खोदून विचारा.

मध्ये स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर त्याच रात्री त्याला फोन करा, सकाळी माफी मागू म्हणून थांबू नका. आणि जगणंच नको असं वाटलं तर एकटे बसू नका, त्याला बोलावून घ्या आणि थेट इमर्जन्सीत जा.